यात गाणं कुठंय?

पत्र (थोडक्यात): मी मुलुंडला राहते, बँकेत नोकरी करते. वय ४१. लग्नाआधी पियानोच्या आठही ग्रेड दिल्या होत्या, पुढे घर आणि नोकरीत तो सुटला. काही वर्षांपूर्वी डिजिटल पियानो घेऊन पुन्हा बसायला लागले. वांद्र्याच्या एका कार्यशाळेत एक व्हायोलिनवाली मैत्रीण, एक चेलो वाजवणारा मुलगा आणि एक क्लॅरिनेटवाले काका भेटले. काका पोटासाठी लग्नाच्या बँडमध्ये वाजवतात. आम्ही चौघं वर्षभर रविवारी जमून फ्रेंच रचनाकार ऑलिव्हिए मेसियाँ यांचं आठ भागांचं 'क्वार्टेट फॉर द एंड ऑफ टाइम' बसवतोय. आता घरच्या आणि ओळखीच्या तीस-चाळीस माणसांपुढे वाजवावं असं मनात आहे. पण सासरे पहिल्या भागाच्या तालमीला बसले होते. ते ७६ वर्षांचे आहेत, ख्याल शिकलेत, पेटीची साथ करायचे. उठताना म्हणाले, "मेहनत दिसते गं, पण यात गाणं कुठंय?" तेव्हापासून माझा हातच चालत नाही. मैत्रीण म्हणते, आधी चार हिंदी गाणी वाजवू, लोक खूश होतील, मग आपलं. नवरा म्हणतो, घरी नको, हॉल घेऊ. मला वाटतं, हे करावंच का? आणखी एक अवघड गोष्ट: काका मानधनाचं विचारत होते. आम्ही बाकीचे हौशी. त्यांना काय सांगू?

– एक वाचक, मुलुंड

ताई,

कार्यक्रम करा. हिंदी गाणी वाजवू नका. जागेबाबत तुमच्या यजमानांचं निम्मं बरोबर आहे, त्याकडे येते. आधी सासऱ्यांचं बोलू, कारण तुमचा हात अडलाय तो त्या एका वाक्यापाशी.

आयुष्यभर ख्याल ऐकलेला माणूस अनोळखी संगीताच्या तालमीला शेवटपर्यंत बसतो, त्यातली मेहनत ओळखतो आणि मग विचारतो की यात गाणं कुठंय. ज्याला टोमणा मारायचाय तो इतका वेळ बसत नाही. त्यांना खरंच उत्तर हवंय, आणि माझ्या मते त्यांनी अगदी बरोबर जागी बोट ठेवलंय.

त्यांच्या जागी बसून पहिला भाग पुन्हा ऐका. क्लॅरिनेट आणि व्हायोलिन दोन पक्ष्यांसारखे बोलतायत, एक ब्लॅकबर्ड आणि एक नाइटिंगेल. खाली तुमचा पियानो १७ काल-मूल्यांचा, म्हणजे लांब-आखूड लांब्यांचा, एक नमुना पुन्हा पुन्हा घेतोय आणि त्याच वेळी २९ कॉर्डची (एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या गुच्छांची) एक माळ फिरवतोय. १७ आणि २९, दोन्ही मूळ संख्या. लयीचं आवर्तन पुरं होतं तेव्हा कॉर्डची माळ मधेच कुठेतरी असते. दोन्ही पुन्हा एकदम सुरुवातीला यायचे तर १७ गुणिले २९, म्हणजे ४९३ कॉर्ड वाजावे लागतील, आणि तो भाग त्याच्या कितीतरी आधी संपतो. चेलो त्याची पाच स्वरांची चाल घेऊन तिसऱ्याच फेऱ्यात. म्हणजे ज्या माणसानं उभं आयुष्य समेवर मान हलवण्यात घालवलं, त्याला तुम्ही असं संगीत ऐकवलंत ज्यात आवर्तनं एकाला तीन आहेत, पण सगळे मिळून येतील अशी सम कुठेच नाही. ते अस्वस्थ झाले ते कान तयार असल्यामुळे. ज्याला लय कळत नाही त्याला हा भाग नुसता छान, धूसर वाटून जातो.

मेसियाँनी सम मुद्दाम काढली. काळच संपला तर मोजायचं काय, हा त्या रचनेचा विषय आहे. सासऱ्यांना हे असंच सांगा, कागदावर १७ आणि २९ लिहून दाखवा. पेटीची साथ केलेल्या माणसाला हिशेब कळतो आणि आवडतो. "तुम्हाला सवय नाही म्हणून असं वाटतं" हे वाक्य मात्र चुकूनही बोलू नका. ते खरंही नाही आणि त्यानं बोलणंच संपतं.

मग त्यांना सहावा भाग ऐकवा. आठ भागांमधला हा एकच असा आहे की चौघं पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच ओळ वाजवतात. कॉर्ड नाहीत, खाली साथ नाही, चार वाद्यं आणि एक चाल. पेटी गायकाच्या मागे कशी जाते ते ज्याला माहीत आहे त्याला इथे काय ऐकायचं हे शिकवावं लागत नाही. गंमत लयीत आहे. सरळ चाललेल्या चालीत मेसियाँ मधेच एखादी पाव मात्रा, अर्धी मात्रा जास्तीची टाकतात आणि सगळा तोल हलतो. काही नमुने असे आहेत की पुढून मागे वाजवा नाहीतर मागून पुढे, तेच येतात. सासरे दोन-तीनदा अडखळतील, हात मांडीवर थांबेल, पण ते हरवणार नाहीत. पाचवा भाग तर त्यांच्याच पिढीसाठी लिहिल्यासारखा आहे: चेलोची एक लांबच लांब चाल आणि खाली पियानोचे एकसारखे, सावकाश पडणारे कॉर्ड. रचनाकारानं वर लिहिलंय 'अनंत मंद'. अतिविलंबित ख्याल ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला इतकी संथ लय सहन होईल का, ही काळजी तुम्ही करू नका. ती काळजी तुमच्या वयाच्या पाहुण्यांची करा.

आता एक मोह तुम्हाला होणार आहे, आणि मैत्रीण तो सुचवेलच. मेसियाँच्या लयीची मुळं आपल्याकडे आहेत. शार्ङ्गदेवानं तेराव्या शतकात, यादवराजा सिंघणाच्या आश्रयानं देवगिरीला 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्याच्या तालाध्यायात १२० देशी ताल दिले आहेत. ती यादी लाविन्याक यांच्या फ्रेंच संगीतकोशात छापली गेली, तिथे ती तरुण मेसियाँच्या हाती लागली आणि पुढे आयुष्यभर त्यांनी ती वापरली. पहिल्या भागात तुम्ही जो १७ मूल्यांचा नमुना वाजवता, तो रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश या तीन तालांतून जोडलेला आहे. मराठवाड्यातल्या किल्ल्याच्या पायथ्याशी लिहिलेला ग्रंथ, सातशे वर्षांनी तो एका फ्रेंच माणसाच्या हातात, आणि आज मुलुंडमधली एक बाई तेच ताल पियानोवर वाजवतेय. हे मला फार मोठं वाटतं. सासऱ्यांना तर जरूर सांगा.

पण कार्यक्रमात याची जाहिरात करू नका. "हे आपलंच आहे बरं का" असं म्हटलंत की चाळीस माणसं त्यात आपलं शोधायला लागतील, आणि त्यांना ते सापडणार नाही. मेसियाँना ते ताल कागदावर मिळाले. ठेका, बोल, हाताची टाळी-खाली यातलं काहीच त्या यादीबरोबर गेलं नाही. त्यांनी त्यातून घेतली ती लांबी-आखूडपणाची गणितं, आणि त्यांना स्वतःच्या श्रद्धेचे, स्वतःच्या पक्ष्यांचे रंग दिले. चंद्रकला ताल ओळखू येईल म्हणून कान लावणाऱ्याची निराशाच होणार. संगीत जसं आहे तसं समोर ठेवा. ते पुरेसं आहे.

हिंदी गाण्यांना माझा विरोध याच कारणानं आहे. गाणी कमी प्रतीची आहेत असं मी म्हणत नाही, म्हणूच शकत नाही. या शहरात व्हायोलिन आणि चेलो वाजवणाऱ्यांच्या कितीतरी घरांत चूल पेटली ती सिनेमाच्या रेकॉर्डिंगवर. व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखा माणूस दिवसा स्टुडिओत वाजवायचा आणि १९५८ साली रागांवर रचलेलं सिंफनी संगीत घेऊन सेंट झेवियर्स कॉलेजच्या अंगणात उभा राहिला. प्रश्न कानाचा आहे. पहिलं गाणं वाजलं की श्रोता चाल ओळखतो, मनात शब्द म्हणतो, शेजाऱ्याकडे बघून हसतो. तिथून पुढे तो संध्याकाळभर ओळखायच्याच कामाला लागतो. चौथ्या गाण्यानंतर तुम्ही मेसियाँ सुरू केलेत तर त्याला ते पाचवं, न ओळखता आलेलं गाणं वाटेल. ज्या माणसांना रिझवून मग "आता जरा अवघड" म्हणायचं, त्यांच्यावर तुमचा विश्वास नाही असंच त्यातून कळतं.

त्यापेक्षा एक जुनी युक्ती करा. १९१८ मध्ये व्हिएन्नात रचनाकार आर्नोल्ड शोनबर्ग यांनी नव्या संगीतासाठी एक खासगी मंडळ काढलं होतं. तालमी भरपूर, कार्यक्रम सभासदांपुरते, समीक्षकांना मज्जाव, आणि काय वाजणार ते आधी जाहीर करायचं नाही. पण मला त्यातली सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते ती अशी की नवी रचना तिथे पुन्हा पुन्हा वाजवली जायची. त्या मंडळात टाळ्यांनाही बंदी होती. तेवढं तुम्ही सोडून द्या. आपल्या माणसाला मधेच "वा!" म्हणावंसं वाटलं तर म्हणू दे. सासऱ्यांच्या तोंडून ती दाद चुकीच्या ठिकाणी आली तरी ती तुमच्या कार्यक्रमातली सगळ्यात मोलाची दाद असेल.

म्हणून माझा आग्रह: पूर्ण क्वार्टेट वाजवू नका. तो पन्नासेक मिनिटांचा आहे, वर्षभराच्या तालमीत आठही भाग सारखे पक्के झाले असतील असं मला वाटत नाही, आणि झाले असले तरी पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ते जास्त होतं. सहाव्या भागानं सुरुवात करा, सगळे एकत्र, दणक्यात. मग व्हायोलिन आणि पियानोसाठी एस्टोनियाचे रचनाकार आर्व्हो पेर्ट यांची १९७८ ची 'श्पीगेल इम श्पीगेल' घ्या. पियानोचे तीन-तीन सुटे स्वर आणि वर व्हायोलिन, दर ओळीला एक स्वर वाढवत, परत त्याच घरी येत. सासरे त्यात पलटे ऐकतील आणि त्यांचं चूक असणार नाही. तुमची मैत्रीण जे मागतेय, लोकांनी पहिल्या ऐकण्यात आपलंसं करावं असं काहीतरी, ते तिला इथे मिळेल, आणि तेही नव्या संगीतातच. पुढे तिसरा भाग, क्लॅरिनेट एकटं. मग पाचवा. आणि शेवटी सहावा पुन्हा, पहिल्यापासून. पुन्हा का, हे समजावत बसू नका. दुसऱ्यांदा वाजताना खोलीतली माणसं कशी बसलीत ते फक्त बघा. एकूण चाळीस मिनिटांच्या आसपास होईल. मध्यंतर नको. बटाटेवडे नंतर.

मधे बोलायचं ते दोन-तीन वाक्यं. "हे समजायला कठीण आहे" असं म्हणून माफी मागू नका, ते ऐकल्याबरोबर लोक समजून घेण्याची जबाबदारी झटकून टाकतात. व्हॉट्सअ‍ॅपवर आधी लिंकाही पाठवू नका. मोबाइलच्या स्पीकरवर पाचवा भाग म्हणजे नुसती किरकिर. आणि ही रचना युद्धकैद्यांच्या छावणीत पहिल्यांदा वाजली ती गोष्ट कार्यक्रमाच्या आधी सांगू नका. मला माहीत आहे, ती सांगायला तुम्ही आतुर असाल. फ्रेंच युद्धकैदी मेसियाँ, गेर्लिट्सजवळची जर्मन छावणी, कागद आणि पेन्सिली आणून देणारा पहारेकरी, १५ जानेवारी १९४१ ची कडाक्याची थंडी, पट्ट्या अडकणारा मोडका पियानो आणि बराकीत दाटीनं बसलेले कैदी. गोष्टच अशी आहे की ती आधी ऐकली की माणसं संगीत ऐकायचं सोडून गोष्ट ऐकत राहतात आणि डोळे पुसतात. संपल्यावर, पाणी पिताना, कुणी विचारलं तर सांगा. आणि सांगताना पाच हजार श्रोत्यांचा आकडा गाळा. मेसियाँ तो सांगत असत, पण त्या बराकीत काहीशे माणसंच मावत होती.

आता जागा. यजमान म्हणतात घरी नको, ते मला पटतं, पण कारण वेगळं. तुमच्या घरी डिजिटल पियानो आहे. तालमीला तो उत्तम, रात्री हेडफोन लावून शेजाऱ्यांना त्रास न देता वाजवता येतो. पण या संगीतात पियानोचं अर्धं काम कळ सोडल्यानंतर चालतं. पेडल दाबल्यावर न वाजवलेल्या ताराही थरथरतात, कॉर्ड विरत जाताना त्याचे रंग बदलतात, आणि चेलो त्या विरण्यावर आपला स्वर ठेवतो. सासरे म्हणतीलच की पियानोला मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) नाही. खरं आहे, नाही. विसाव्या शतकातल्या रचनाकारांनी त्याच्याजवळ जे आहे तेच तपासून पाहिलं: आघात आणि विरणं. स्पीकरमधून ते येत नाही. मोठा हॉलही नको. तिसाव्या रांगेत बसलेल्या माणसाला चेलोचा गज तारेवर टेकतो तो क्षण दिसत नाही, आणि हे संगीत निम्मं डोळ्यांनी ऐकायचं असतं: कोण कुणाकडे बघून श्वास घेतंय, कोण वाट पाहतंय. मुंबईत जुने अपराइट, म्हणजे उभे, पियानो अजून बरेच आहेत. शाळांच्या सभागृहांत, चर्चच्या हॉलमध्ये, पारशी आणि ख्रिस्ती घरांत, आणि पुष्कळसे नुसते झाकून ठेवलेले. चेलोवाल्या मुलाला विचारा, व्हायोलिन शिकवणाऱ्या सरांना विचारा. चाळीस खुर्च्या मावतील अशी खोली आणि एक खरा पियानो, बस.

पण तो पियानो मिळाला की लगेच हुरळून जाऊ नका. आपल्या हवेत पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, साउंडबोर्ड (तारांचा आवाज मोठा करणारी लाकडी फळी) फुगतो, तारांवरचा ताण वाढतो आणि स्वर चढतात, तेही सगळे सारखे नाहीत. हवा कोरडी झाली की उतरतात. वर्षानुवर्षं न लावलेला पियानो बहुतेक वेळा एकूणच खाली गेलेला असतो. एकटी वाजवणारी बाई तो तसाच वाजवू शकते, व्हायोलिन आणि चेलोही आपल्या तारा उतरवून घेतील, पण क्लॅरिनेट फार खाली येऊ शकत नाही. नळीचे सांधे थोडे ओढून थोडंसं उतरतं, त्यापुढे त्याचे आपसातले स्वर बिघडतात. तेव्हा जागा पक्की करण्याआधी काकांना सोबत न्या, एक लांब स्वर धरायला सांगा आणि पियानो कुठे आहे ते बघा. फारच खाली असेल तर ट्यूनरला आधी बोलवा. गंजलेल्या तारा एकदम ४४० वर, म्हणजे प्रमाण स्वरावर, ओढल्या तर तुटू शकतात, म्हणून तो कदाचित दोन खेपांमध्ये लावेल. एक खेप काही आठवडे आधी, दुसरी आदल्या दिवशी. हा खर्च कार्यक्रमाचा पहिला खर्च समजा. आणि लोकांच्या पियानोत प्रयोग म्हणून काही अडकवू नका. अमेरिकन रचनाकार जॉन केज यांच्या काही रचनांसाठी तारांमध्ये स्क्रू आणि रबराचे तुकडे बसवतात, ते मालकाच्या परवानगीशिवाय नाही.

तारीख? गणपती, नवरात्र सोडा, लाउडस्पीकरपुढे पाचवा भाग टिकणार नाही. ऑक्टोबरमध्ये पंखे बंद करता येत नाहीत, आणि चालू ठेवले तर एक तर कागद उडतात आणि दुसरं म्हणजे त्या घरघरीत तिसऱ्या भागाची सुरुवातच ऐकू येत नाही. मी पौष सुचवेन. हवा बरी असते, पंख्याशिवाय चाळीस मिनिटं बसता येतं, आणि पौषात आपल्याकडे लग्नं जवळजवळ नसतात, म्हणजे काका मोकळे. रविवार ठेवणार असाल तर मेगाब्लॉक कुठल्या मार्गावर आहे ते बघून घ्या. चेलो घेऊन लगेजच्या डब्यात चढणाऱ्या त्या मुलाचे हाल तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत असतील.

प्रवेश मोफत ठेवा. मेसियाँ १९९२ साली गेले, रचना अजून स्वामित्वहक्कात आहे. तिकीट लावून कार्यक्रम करायचा तर रीतसर परवानगी लागेल. चौघांचे छापील भाग विकत घ्या, झेरॉक्सवर वर्षानुवर्षं काढू नका.

हे जमलं तर पुढचं सुचेल. याच चार वाद्यांसाठी जपानी रचनाकार तोरू ताकेमित्सू यांचं १९७७ चं 'क्वाट्रेन टू' आहे. १९७३ मध्ये अमेरिकेत मेसियाँचा हाच क्वार्टेट वाजवायला 'ताशी' नावाची चौकडी जमली होती आणि तिच्यामुळे ताकेमित्सूंनी ही वाट धरली. आणि मुंबईच्याच वनराज भाटियांकडे वळा असं मला फार वाटतं. लंडनला आणि पॅरिसमध्ये नामवंत संगीतशिक्षिका नादिया बुलांजे यांच्याकडे शिकून आलेला हा रचनाकार. शेकडो जाहिराती, 'अंकुर', 'भूमिका', 'तमस' यांचं संगीत लोकांना माहीत आहे, पण पियानोसाठी, तंतुवाद्यांसाठी ते लिहीत राहिले ते आपण ऐकलंच नाही. २०१९ मध्ये चेलोवादक यो-यो मा यांनी मुंबईत त्यांची चेलोची रचना वाजवली तेव्हा त्यांचं वय ९१ होतं. २०२१ मध्ये ते गेले. त्यांच्या शहरात त्यांचं संगीत खोल्या-खोल्यांमधून वाजायला हवं, आणि ते तुमच्यासारख्या चौघांशिवाय कोण करणार?

राहता राहिले काका. या विषयावर तुम्ही पत्रात सगळ्यात कमी लिहिलंत आणि मला तो सगळ्यात मोठा वाटतो. तुम्ही तिघं हौशी आहात, म्हणजे तुमच्या रविवारची किंमत दुसरं कोणीतरी भरतंय: बँक, घरचं माणूस. काकांच्या रविवारची किंमत काकाच भरतायत. लग्नसराईत तालमीला आले त्या प्रत्येक सकाळी एखादी वरात त्यांच्याशिवाय गेली असेल. आणि मी सुचवलेल्या कार्यक्रमात सगळ्यात कठीण आठेक मिनिटं त्यांची आहेत. तिसऱ्या भागात कोणाचीही साथ नसताना, एका श्वासात, जवळजवळ ऐकू न येण्यापासून कानठळ्या बसेपर्यंत एकच स्वर वाढवत न्यायचा आहे, तोही एकदा नाही. बँडमध्ये रस्त्यावर तासन्‌तास फुंकलेली छाती इथे कामाला येणार आहे.

तेव्हा "आम्ही कोणीच घेत नाही" हे उत्तर देऊ नका. तिघांत बसून रक्कम ठरवा, बँडमध्ये एका वरातीचे जे मिळतात त्याहून कमी नको, आणि कार्यक्रमाचे वेगळे, उरलेल्या तालमींचे वेगळे. निम्मे या रविवारी द्या, पाकीट सगळ्यांसमोर नको, पण लपवूनही नको. कार्यक्रमपत्रिका छापलीत तर चौघांची नावं एकाच अक्षरात, एकाच ओळीत घ्या. त्यांच्या घरच्यांना बोलवायला विसरू नका. आणि वाजवताना काय घालायचं हे त्यांना विचारा, सांगू नका. बँडचा लाल कोट घालून ते बरीच वर्षं उभे राहिलेत, इथे त्यांना स्वतःच्या पसंतीचे कपडे घालून बसावंसं वाटत असेल.